तिसऱ्यांदा तीच कूलिंग कॉइल. सर्व्हिस सेंटरला ३ स्टार, कंपनीला १

गाडीचं नाव लिहीत नाही आणि कंपनीचंही नाही, ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना वाचता वाचता कळेलच. छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ च्या दसऱ्याला घेतली. मी राहते ऐरोलीला आणि ऑफिस वागळे इस्टेटला, त्यामुळे रोज ऐरोली ब्रिज, मग हायवे, मग तीन हात नाका आणि तिथली ती न संपणारी लाइन. इंजिन मस्त, मायलेज मस्त, क्लच अजून ओरिजिनल आहे. घोडं अडतंय ते एसीपाशी. एसीची कूलिंग कॉइल आत्तापर्यंत तीन वेळा गेली, आता चौथी बसलीय, आणि हा रिव्ह्यू त्या कॉइलींचा आणि त्यांच्या बिलांचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कूलिंग कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेली अ‍ॅल्युमिनियमची जाळी, जाडजूड डायरीएवढी असते. तिच्या आतून गॅस फिरतो, बाहेरून ब्लोअरची हवा जाते, हवा गार होते आणि हवेतली वाफ पाणी होऊन जाळीवर जमते, ते पाणी पाइपने खाली रस्त्यावर टपकतं. एसी चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीखाली डबकं दिसतं ना, तेच. पार्ट एवढासा, पण माझ्या गाडीत तिथपर्यंत पोचायला स्टिअरिंग काढा, डॅशबोर्ड काढा, वायरिंगचे सॉकेट सोडवा, म्हणजे अख्खा दिवस. एकदा मी काचेपलीकडून बघितलंय माझी गाडी अशी उघडी पडलेली, वायरींचा नुसता गुंता बाहेर लोंबत होता, मला तर घरचं माणूस ऑपरेशन थिएटरात असल्यासारखं झालं.

पहिली कॉइल गेली मे २०२२ ला. २२ हजार किलोमीटर झाले होते, लॉकडाऊनमुळे गाडी तशी घरीच उभी. एसी लावला की आधी गार, मग कोमट, मग नुसता पंखा. मी शहाणपणा करून गाडी घेताना चार वर्षांपर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती, त्यामुळे पार्ट आणि लेबर फ्री, फक्त गॅसचे पैसे घेतले, का तर म्हणे कन्झ्युमेबल आहे. आता बघा, गॅस काही मी प्यायले नव्हते, तुमच्या पार्टला भोक पडलं म्हणून गेला, पण तेव्हा मी इतकी खूश होते की काही बोलले नाही. फीडबॅकच्या फोनवर दहापैकी दहा दिले.

दुसरी गेली एप्रिल २०२४ ला. एक्स्टेंडेड वॉरंटी संपली होती ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे बाईसाहेबांनी जेमतेम सहा महिने वाट बघितली. टीटीसी एमआयडीसीतलं तेच सर्व्हिस सेंटर, तोच अ‍ॅडव्हायझर, चांगला मुलगा आहे, चहा विचारतो, गाडी वेळेवर देतो. फक्त पहिला प्रश्न "सर नाही आले का मॅडम?" असा असतो. सर येऊन काय कॉइलला फुंकर घालणार होते का! असो. तो म्हणाला वॉरंटी संपलीय, पेड करावं लागेल. मी विचारलं की २०२२ ला तुम्हीच नवीन घातली ना, मग ती तर दोनच वर्षांची आहे? तर कळलं की वॉरंटीत बदललेल्या पार्टला वेगळी नवीन वॉरंटी मिळत नाही, गाडीची जेवढी उरली असेल तेवढीच त्या पार्टची. हे पुस्तिकेत लिहिलंय, मी नंतर घरी शोधलं, खरंच लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात.

बिल समोर ठेवूनच लिहिते. कॉइल ६,२४०, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा) ७८०, ओ-रिंग (जोडावरच्या रबरी रिंगा) १६०, आणि या सगळ्या पार्टवर २८ टक्के जीएसटी. डॅशबोर्ड काढघाल लेबर ३,८००, गॅस १,१५०, त्यावर १८ टक्के. टोटल १५,०३१. खाली बारीक अक्षरात, पेड पार्टला सहा महिने किंवा १० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. भरले. काय करणार, एप्रिलमध्ये बिनाएसीचं ठाण्याला जाऊन दाखवा. नंतर त्याच ऑक्टोबरात मुंबईच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा ऑफिसात सगळे हिशोब करत होते की महिन्याला किती वाचतील, माझे कुठे गेले ते मला आधीच माहीत होतं.

आणि एक, डॅशबोर्ड एकदा उघडला की पहिल्यासारखा कधीच बसत नाही हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. त्या कामानंतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर डावीकडून टक टक टक. दोनदा नेली, दोनदा म्हणाले क्लिप बदलली, तिसऱ्यांदा आतमध्ये फोमचा तुकडा खुपसला तेव्हा गप्प झाली. सर्व्हिस सेंटरचा एक स्टार त्या टकटकीसाठी कापलाय.

मात्र तेव्हा एक काम नकळत बरोबर झालं. मी जुनी कॉइल मागून घरी आणली. पेड कामात जुना पार्ट मागून घ्यायचा हो, कुणी अडवत नाही, वॉरंटीत मात्र तो क्लेमसाठी कंपनीकडे जातो. ती कॉइल बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे वर्षभर पडून होती, आई दर रविवारी विचारायची भंगारवाल्याला देऊ का म्हणून.

मग मे २०२५. तेरा महिने, ११ हजार किलोमीटर. सकाळी ब्रिजवर एसीतून तो ओळखीचा कोमट वारा आला आणि मी गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाले, नको गं बाई.

एस्टिमेट १५,५४१. अ‍ॅडव्हायझर यावेळी नजर चुकवत होता, म्हणजे त्यालाही कळत होतं. त्याने वर्क्स मॅनेजरना बोलावलं. ते म्हणाले की मॅडम, हा एन्व्हायर्नमेंटल फॅक्टर आहे, तुमच्याकडे खाडीची हवा, त्यात हा केमिकल पट्टा, त्याने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं, मॅन्युफॅक्चरिंगचा काही संबंध नाही. मी म्हटलं साहेब, गाडी मी वाशीच्या शोरूममधून घेतली. शोरूमपासून खाडी पाच मिनिटांवर आहे. विकताना तुम्हाला ती दिसली नव्हती का? ठाणे-बेलापूर रोडला गाड्या विकायच्या आणि मग म्हणायचं की इथली हवा आमच्या गाडीला चालत नाही, हे म्हणजे कोकणात छत्री विकून वर म्हणायचं की पावसात उघडू नका. आणि आमच्या सोसायटीत दुसऱ्या कंपनीची बारा वर्षं जुनी गाडी आहे, त्याच खाडीची हवा खाते, तिची कॉइल पहिलीच आहे.

काम करू नका म्हटलं आणि गाडी घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतली कॉइल पिशवीत घालून तुर्भ्याला एका एसीवाल्या मामांकडे गेले, ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. टपरीएवढं दुकान, बाहेर दोन टॅक्स्या बोनेट उघडून उभ्या. मामांनी कॉइलची एक बाजू रबराने बंद केली, दुसरीतून हवा भरली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. दोन सेकंद काही नाही. मग खालच्या उजव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली, एकाच जागेवरून, सरळ रेषेत वर. मामांनी तिथे नख लावून दाखवलं. "ताई, ही स्पंजची पट्टी बघा. खाली चिकटवलेली असते, आवाज येऊ नये म्हणून. पाणी खालीच जमतं, पट्टी सुकतच नाही, वरून धूळ. त्याच्याखाली सडतं हे. या मॉडेलच्या याच कोपऱ्यातून गेलेल्या माझ्याकडे किती येतात." पट्टी ओढली तर खाली अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखे डाग, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. बाकी सगळी जाळी चकचकीत. आता खाडीची हवा असती तर ती सगळीकडेच लागली असती ना, ती काय कोपरा बघून लागते?

मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असेलच असं मी म्हणत नाही, ते काही लॅब नाहीत. पण त्यांनी पाच मिनिटांत, एक रुपया न घेता, बादलीत बुडवून जे दाखवलं ते सर्व्हिस सेंटरने तीन वर्षांत एकदाही दाखवलं नाही. त्यांचा रेट पण बराच कमी होता, बाहेरची कॉइल घालून. मन झालं होतं. मग वाटलं की बाहेरची घातली की कंपनीला आयतं कारण मिळेल, आणि ओरिजिनल पार्ट मामांसारख्या माणसाला सहज मिळतही नाही. हा जुना रोग आहे, २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता तो यासाठीच, की पार्ट आणि रिपेअरची माहिती बाहेरच्या गॅरेजला मोकळेपणाने मिळू देत नाहीत. पुढे अपिलं वगैरे झाली, तो वेगळा विषय.

मग मी कंपनीला मेल टाकला. तारखा, किलोमीटर, बिलं, बादलीतला व्हिडिओ. चार दिवसांनी उत्तर आलं, केस सहानुभूतीने विचारात घेऊन गुडविल म्हणून कॉइलच्या किमतीत ५० टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करा. कॉइल टॅक्ससकट ८,२९४, तिचे अर्धे ४,१४७. बाकी ११,३९४ मीच भरायचे. कारण खरा खर्च पोचण्याचा आहे आणि गुडविल डॅशबोर्डच्या बाहेरच थांबतं.

आमच्या विंगमध्ये एक वकील काकू आहेत. मी जोशात होते, इंटरनेटवर वाचून आले होते की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आलीय, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची भरपाई, आता कंपनीला सोडत नाही. काकूंनी चष्मा लावून माझी हवाच काढली. म्हणाल्या, अगं त्यात नुकसान या शब्दाची व्याख्या वाच, पार्टने तुला इजा केली, तुझं दुसरं काही जाळलं तर ते नुकसान. वस्तू स्वतःच खराब झाली ते त्यात धरत नाहीत. तुझा रस्ता साधा आहे, वस्तूत दोष आणि सेवेत त्रुटी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तू राहतेस त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, आणि दोष आहे हे तज्ज्ञाच्या रिपोर्टने दाखवावं लागेल, बादलीवर भागणार नाही. आणि हो, नवीन गाडी वगैरे मागू नकोस, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये म्हटलंय की वॉरंटी खराब पार्ट बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. मी म्हटलं काकू, मला गाडी नको बदलून, मला फक्त न सडणारी कॉइल पाहिजे.

रिकॉलचं पण विचारलं, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देणं. मोटर वाहन कायद्यात एप्रिल २०२१ पासून सरकार रिकॉल करायला लावू शकतं, पण दोष असा हवा की त्याने पर्यावरणाला किंवा गाडीतल्या, रस्त्यावरच्या माणसांना धोका होईल. मी म्हटलं एसीतल्या आर-१३४ए गॅसचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोइतकं वातावरण तापवतो, माझा दर वेळी साडेचारशे ग्रॅम हवेत गेला, म्हणजे एका लीकला साधारण ६४० किलो, हा पर्यावरणाला धोका नाही का? काकू हसल्या आणि चहा टाकायला गेल्या. पण खरं सांगते, जुलैमध्ये ऐरोली ब्रिजवर पाऊस कोसळत असताना एसी बंद असेल तर पुढची काच पाच सेकंदात आतून पांढरी होते, हाताने पुसत चालवावं लागतं, आणि शेजारून कंटेनर. ज्याला एसी म्हणजे चैन वाटते त्याने तो ब्रिज एकदा तसा ओलांडून दाखवावा.

काकूंच्या सांगण्यावरून आधी १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फ्री आहे, मराठीत बोलतात, मला वाटलं होतं तासभर गाणं ऐकवतील पण तसं झालं नाही. तक्रार नंबर मिळतो आणि ते कंपनीकडे पाठवतात. हे कोर्ट नाही, ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. पण काय जादू असते माहीत नाही, जे गुडविल ५० टक्क्यांवर चिकटून बसलं होतं ते पंधरा दिवसांत सुटलं. कॉइल आणि व्हॉल्व्ह पूर्ण कंपनीचं, लेबर अर्धं. माझ्या वाट्याला अर्धं लेबर, ओ-रिंग आणि गॅस, सगळं मिळून ३,९२२. मी घेतलं. पण मेलमध्ये लिहून ठेवलं की ही सवलत म्हणून घेत नाहीये, दोषाबद्दलचा माझा हक्क राखून घेतेय. हे वाक्य काकूंचं.

आता मुद्द्यावर येते, पैसे कुणी द्यायचे. माझं मत सांगते, पटलं तर बघा. वॉरंटीनंतर एखादा पार्ट पहिल्यांदा गेला तर तो माझा खर्च, त्यावर रडायचं नाही. ब्रेक पॅड, वायपर, क्लच, बॅटरी, हे झिजणारच. पण तोच पार्ट, कंपनीचाच ओरिजिनल, कंपनीच्याच माणसांनी बसवलेला, त्याच कोपऱ्यातून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जातो तेव्हा गाडीची वॉरंटी कधी संपली हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि तेव्हा लेबरसकट कंपनीने द्यावं. डीलरने नाही हं, डीलरला मी दोष देत नाही, त्याने कॉइल बनवली नाही, बिचारा आलेला पार्ट लावतो आणि आमच्या शिव्या खातो.

हे मला कधी पटलं ते सांगते. तिसऱ्या वेळी गाडी आत गेली तेव्हा मी अ‍ॅडव्हायझरला सहज विचारलं की कंपनीला माहीत आहे का या कॉइल इतक्या जातात? तो म्हणाला, वॉरंटीत गेली की क्लेम होतो, पार्ट जातो, तिकडे नोंद होते, मग कंपनी कॉइल बनवणाऱ्याकडून वसूल करते. वॉरंटीबाहेर गेली की? तो जरा थांबला, म्हणाला मॅडम, मग ती पार्ट्स सेल. म्हणजे बघा, २०२२ ला माझी कॉइल गेली तेव्हा कंपनीचं नुकसान होतं आणि २०२४ ला तीच कॉइल तशीच गेली तेव्हा कंपनीचा धंदा झाला. भोक तेच. मग त्या स्पंजच्या पट्टीचा विचार तिकडे कुणी कशाला करेल, जोपर्यंत एसी चालू ठेवायचे पैसे ऐरोलीतून येतायत.

काही जण म्हणतील की असं सगळं फुकट करत बसले तर गाड्या महाग होतील. होऊ देत ना थोड्या. आत्ता तो खर्च ज्याचं नशीब फुटकं त्याच्याकडून पंधरा-पंधरा हजाराने घेतायत, तो सगळ्या गाड्यांवर वाटला तर गाडीमागे किती येईल? आणि पट्टी बदलली तर तेवढाही नाही. बाहेर हे झालंयही, अमेरिकेत एका जपानी कंपनीचे सीव्हीटी (एक प्रकारचे ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स सारखे बिघडायला लागले तेव्हा जुन्या विकलेल्या गाड्यांची त्या गिअरबॉक्सपुरती वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवली होती. नुसता तो एक पार्ट. मला तेवढंच पाहिजे, कॉइलपुरतं.

सर्व्हिस सेंटरबद्दल न्यायाने लिहायचं तर, यावेळी काम चांगलं झालं. मी आधीच सांगितलं होतं की काढलेली कॉइल मला बघायचीय, तर अ‍ॅडव्हायझरने स्वतः फोन करून बोलावलं, पार्ट क्लेममध्ये जाणार होता म्हणून घरी दिला नाही पण टेबलवर ठेवून फोटो काढू दिले. खालचा उजवा कोपरा. तेच पांढरे डाग. मी माझ्या मोबाईलमधला बाल्कनीतल्या कॉइलचा फोटो शेजारी धरला, दोघंही काही बोललो नाही. मग त्याने जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, मी न सांगता लिहिलं: लीकेज खालच्या उजव्या कोपऱ्यातून, मागील पार्टप्रमाणेच. वर तारीख, किलोमीटर. त्याचा एक जादा स्टार. आणि यावेळी "सर नाही आले का" विचारलं नाही.

डॅशबोर्ड यावेळी वाजत नाहीये, अजून तरी. नवीन कॉइलला पण तशीच स्पंजची पट्टी आहे, बसवायच्या आधी मी बघितली. जॉब कार्डची झेरॉक्स ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलीय आणि बाल्कनीतली कॉइल आईला सांगून ठेवलंय, भंगारात द्यायची नाही.